खेद, चिंता आणि जाहीर निषेध

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पेटीवर लिहायचं असेल. आयुष्यभर पेटी वाजवली आहे. आधी तमाशाच्या फडात, मग कलापथकात, मग ज्यानं बोलावलं त्याच्याकडे. पण ते म्हणाले, "मास्तर, पेटीवर बरेच जण लिहितात. तुम्ही तुमच्या पत्रकांवर लिहा." जरा हिरमुसलोच. मग म्हटलं, खरं आहे. माझ्यापेक्षा चांगली पेटी वाजवणारे जिल्ह्यात डझनभर निघतील. संघटनेची पत्रकं लिहिणारा मात्र मी एकटाच होतो.

आमची संघटना म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या लोककलावंतांची. गोंधळी, वाघ्या-मुरळी, भारूडवाले, भीमगीतं गाणारे, बँडवाले, आणि कुठल्याच यादीत न बसणारे दोन बहुरूपी. बस स्टँडमागं सायकलच्या दुकानावर एक खोली होती. खाली पंक्चरचं काम चालायचं आणि वर आमची बैठक. मला चिटणीस केलं त्याचं कारण एवढंच, की मी दहावी पास होतो आणि माझं अक्षर बरं होतं.

पत्रक म्हणजे काय, तर गावात, जिल्ह्यात, देशात काही घडलं की त्यावर संघटनेचं म्हणणं एका कागदावर लिहून पेपरवाल्यांना नेऊन द्यायचं. दिसायला सोपं. पण पेपरवाला पत्रक कापतो ते खालून कापतो. म्हणून जे म्हणायचं ते पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे, आणि "कला ही समाजाचा आरसा आहे" वगैरे जे असेल ते शेवटी ढकलायचं, म्हणजे कात्री त्याच्यावर चालते. मी सुरुवातीला उलटं करायचो. माझे आरसे छापून यायचे आणि मागणी कापली जायची.

दुसरी गोष्ट शब्दांची. पत्रकात पायऱ्या असतात. सगळ्यात खाली "खेद". खेद म्हणजे ओसरीवर बसून मान हलवणं, कुणाला काही लागत नाही. त्याच्या वर "चिंता". मग "निषेध", मग "जाहीर निषेध" आणि "तीव्र निषेध". कुठली पायरी चढायची यावर आमच्या बैठकीत जेवढी भांडणं झाली तेवढी मानपानावरूनही झाली नाहीत. आणि पायरी ठरली तरी शेवटचा प्रश्न उरायचाच, की सही कोण करणार? तेव्हा माणसं एकेक करून पाणी प्यायला उठायची.

आमचे अध्यक्ष दगडूबा, ताडकळसकडचे गोंधळी. काळेसावळे, उंच, गळ्यात कवड्यांची माळ. लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण पत्रक वाचून दाखवलं की नेमक्या ठिकाणी बोट ठेवायचे. एका निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस आमच्या माडीवर आला. पाठिंब्याचं पत्रक टाइप करूनच आणलेलं. फक्त सही हवी. दगडूबांनी त्याला चहा पाजला, कागद उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, आमी सकाळी तुमच्या साहेबाचं गाणं म्हणतोत, दुपारी समोरच्याचं, आन् चाल एकच आसती. सही केली तर दुपारच्याला गायला कोण जाईल?"

"पण बाबा, संघटनेची काही भूमिका पाहिजे का नको?"

"हाय की. वाजवणाऱ्याला कुणी मारू न्हाई. ही लिवून देतो, चालती का साहेबाला?"

तो माणूस चहा संपवून गेला. ती ओळ साहेबांना चालली नसावी, कारण परत कुणी आलं नाही.

एकदा आमच्या एका कवी सदस्यानं दूरदेशीच्या युद्धावर पत्रक काढायचा आग्रह धरला. युसूफभाई जिंतूरचे बँडवाले, क्लॅरिनेट वाजवायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. ते म्हणाले, "तिथवर आपला पेपर जातो का, मास्तर? आपला पेपर तर एसटीच्या टपावर पिंगळीच्या पुढं भिजून जातो." सगळे हसले. पण मग दुपारभर चर्चा झाली आणि पत्रक निघालं. तीन ओळींचं, "चिंता" पायरीवरचं. छापून आलं ते खत-बियाण्यांच्या जाहिरातीखाली. कवीनं ते कात्रण खिशात महिनाभर फिरवलं. त्यानं युद्ध थांबलं नाही हे आम्हालाही कळत होतं. पण त्या दुपारी पंधरा-वीस माणसं, ज्यांतली निम्मी कधी नांदेडच्या पलीकडं गेली नव्हती, कुठल्या तरी परक्या मुलुखातल्या लेकरांबद्दल बोलत बसली होती, हे मला अजून चांगलं वाटतं.

आता जे चांगलं वाटत नाही ते.

सुगंधाबाई आमच्या संघटनेतल्या भीमगीतांच्या गायिका. नवरा शिक्षक, सासरी शेती. आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला फरक पडत नसे. एका गावात त्यांचा कार्यक्रम चालू असताना एका पक्षाचे दोघं-तिघं पुढारी स्टेजवर चढले. अमुक गाण्यानं आमच्या भावना दुखावल्या म्हणाले. गाणं शिक्षणावरचं होतं. माईक काढून घेतला, पडदा ओढला. पोलीस आले आणि त्यांनी सुगंधाबाईंनाच सामान आवरायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई माडीवर आल्या. घडलं ते सांगितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, लिवा."

मी लिहिलं. पण त्या गावाच्या आसपास आमच्या बऱ्याच लोकांची कामं होती. कार्यकारिणीतल्या दोघांनी मला बाजूला घेतलं, जरा जपून लिवा म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांनी सांगितलं नसतं तरी मी जपूनच लिहिलं असतं. मला त्या पुढाऱ्यांची भीती वाटत होती. मी लिहिलं, "सदर प्रकाराबद्दल संघटना खेद व्यक्त करते." कुणाचं नाव नाही, गावाचंही नाही. शिवाय शेवटी "दोन्ही बाजूंनी सामंजस्य दाखवावे" असंही जोडलं. पेपरवाल्यानं त्या वेळी खालून काहीच कापलं नाही. सगळं जसंच्या तसं छापलं.

सुगंधाबाईंनी ते कात्रण वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. बैठकांना येत राहिल्या, पण माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या त्या दाराशी बसायला लागल्या.

यानंतर काही वर्षांनी युसूफभाईंचं प्रकरण झालं.

जिंतूरकडच्या एका गावात देवीची जत्रा भरते. गावाचं नाव घेत नाही. त्या जत्रेत पालखीपुढं युसूफभाईंचा बँड त्यांच्या आज्यापासून वाजत आला होता. लाल कोट, पिवळ्या दोऱ्या, पुढं क्लॅरिनेट. आणि देवीपुढं दगडूबांचं संबळ, तेही पिढीजात. जत्रेच्या आधी देवस्थानचा माणूस जिंतूरला येऊन युसूफभाईंच्या हातावर सुपारी ठेवायचा. आमच्या धंद्यात सुपारी म्हणजे कामाचा शब्द. एकदा दिली की पक्कं.

त्या वर्षी माणूस आलाच नाही. युसूफभाई कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या जत्रेचं काम आलं, त्यालाही नाही म्हणाले. ती तारीख दरवर्षीसारखी मोकळी ठेवून बसले. मग सुगंधाबाईंच्या फोनवर कुठल्याशा ग्रुपमधून एक फोटो आला. त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव होता. जत्रेत परधर्माच्या वादकांना काम देऊ नये, असा. गावात एक नवा पुढारी उगवला होता, त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ठराव त्यानं मांडला, चार जणांनी टाळ्या वाजवल्या, बाकीचे खाली बघत बसले आणि ठराव मंजूर झाला.

आम्ही बैठक बोलावली. इतकी माणसं त्या माडीवर मी कधी पाहिली नव्हती. सायकलवाला खालून ओरडला, "आवं, माडी पाडता का माझी?"

आधी बळीराम बोलला. बळीराम भारूडवाला, त्याच गावाच्या शेजारचा. माणूस कपटी नव्हता. म्हणाला, "झालं ते वाईट झालं. पर मास्तर, ह्ये राजकारण हाय. आपण कलावंत. आज पत्रक काढलं तर उद्या आसपासची चार गावं आमाला बी वाजवू देणार न्हाईत. माझं सगळं वर्ष त्या जत्रांवर जातंय. तुमी परभनीत बसून लिवता, भोगायचं आमी."

त्याचं काय चुकलं?

मग युसूफभाई उठले. कुणी बोलवलं नव्हतं तरी उठले. "मास्तर, माझ्या नावानं कायबी छापू नका. हात जोडतो. लेकीचं सासर त्याच गावात हाय. तिला नळावर पाणी भरायला जायचं असतं. मेरा क्या है, मी दुसरीकडं वाजवीन. जाने दो."

ते खाली बसले. खाली कुठल्याशा टायरमधून हवा सुटत होती. सगळ्यांना आतून सुटल्यासारखं वाटलं असणार. मलाही वाटलं, हे कबूल करतो. ज्याच्यावर अन्याय झाला तोच नको म्हणतो, मग आपण कशाला? मी वही मिटायला लागलो.

"थांबा मास्तर," दाराशी बसलेल्या सुगंधाबाई म्हणाल्या. "माझ्या बारीला तुमी खेद लिवला व्हता."

माझी वही अर्धी मिटलेलीच राहिली.

"त्या खेदानं काय झालं सांगू? तवापासून त्या तिकडल्या सात-आठ गावांत एकाबी बाईनं स्टेजवर भीमगीत म्हणलं न्हाई. कुणी बंदी घातली न्हाई. तुमचा खेद वाचला आन् समद्यांना कळलं, हिच्यामागं कुणी न्हाई." त्या जराही ओरडत नव्हत्या. "आता युसूफभाईला भ्या वाटायलंय, त्यांचं बराबर हाय. बळीरामदादाचं बी बराबर हाय. समद्यांचंच बराबर हाय. मंग चुकायलंय कोण? मला राग हाय तुमचा, आजूक हाय. पर म्हणून म्या युसूफभाईला एकटं सोडू का? लिवा. या बारीला तरी नीट शबद लिवा."

"पण नाव?" मी म्हणालो. "त्यांचं नाव टाकायचं नाही. नावाशिवाय लिहिलं तर परत खेदच होईल, बाई."

आणि तेव्हा दगडूबा बोलले. तोवर ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

"युसूफचं नाव नगं तर माझं टाक."

"म्हणजे?"

"म्हणजे असं लिव. मी, दगडूबा गोंधळी. देवीपुढं माझ्या बापानं, आज्यानं संबळ वाजवलं. औंदा मी वाजवणार न्हाई. ज्या पालखीपुढं माझा जोडीदार चालत न्हाई त्या पालखीपुढं मी बी चालणार न्हाई. ठराव मागं घ्या, मंग बोलवा. एवढंच. आरसा-बिरसा नगं."

युसूफभाई ताडकन उठले. "दगडूबा, पागल झाला का? तुझी देवी हाय ती!"

"देवी माझी हाय म्हणूनच म्हणायलो," दगडूबा म्हणाले. "तिला म्या सांगतो. तू नगं काळजी करू."

त्यांनी कवड्यांची माळ मुठीत धरली होती. गोंधळ्यानं देवीची जत्रा चुकवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणं अवघड आहे. त्यात कामाचा प्रश्न नसतो. घरात कुणी आजारी पडलं, म्हैस मेली, तरी माणूस आयुष्यभर त्या एका चुकलेल्या वर्षाकडं बोट दाखवतो.

मी लिहून घेतलं. त्यांनी सांगितलं तसंच, फक्त भाषा पेपरला चालेल अशी केली. पहिल्या ओळीत त्यांचं नाव आलं, दुसऱ्या ओळीत नकार आणि तिसऱ्या ओळीत "जाहीर निषेध". सही करायची वेळ आली तेव्हा त्या दिवशी पाणी प्यायला कुणी उठलं नाही. बळीराम मात्र उठला. "मला माफ करा," म्हणाला आणि जिना उतरून गेला. दगडूबांच्या सहीखाली सुगंधाबाईंनी सही केली. मग बाकीच्यांनी केल्या, काहींनी अंगठे उमटवले. सगळ्यात शेवटी मी.

पेपरात चार ओळी आल्या. पण हल्ली पेपरपेक्षा फोन लवकर पोचतो. दोन दिवसांत ते पत्रक जिल्हाभर फिरलं. पुढाऱ्यानं उलट पत्रक काढलं, त्यात आम्हाला "कलेच्या नावाखाली राजकारण करणारे" म्हटलं. मला पोलीस ठाण्यात बोलावलं. साहेबांनी खुर्ची दिली, पत्रक समोर ठेवलं आणि विचारलं, "ही संघटना कोणत्या पक्षाची?"

"पक्षाची नाही साहेब. वाजवणाऱ्यांची."

"मग गावच्या ठरावात कशाला पडता?"

"साहेब, ठरावच आमच्या वाजवण्यात पडलाय."

ते जरा हसले, मग हसल्याचं लक्षात येऊन गंभीर झाले. जबाब लिहून घेतला. त्या जबाबाचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं आणि "संबळ" हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिला होता. मी तो दुरुस्त करून सही केली.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी ताडकळसला दगडूबांच्या घरी गेलो. वाटलं, म्हातारा एकटा असेल. अंगणात पाहतो तर त्यांनी तांदळाचा चौक मांडलेला, कलश ठेवलेला, उपास धरलेला. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून युसूफभाई उतरले, साध्या सदऱ्यात, काखेत क्लॅरिनेटची पेटी.

"तिकडं न्हाई तर इकडं," ते म्हणाले. "मुझे घर में बैठा नहीं जाता आजके दिन."

दगडूबांनी संबळ घेतलं. शेजारपाजारचे जमले. माझी पेटी बरोबर नव्हती, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. संबळ आणि क्लॅरिनेट मी बऱ्याचदा ऐकलं होतं, पण नेहमी गर्दीत आणि धुळीत. अंगणात, दहा हातांवर, असं कधीच नाही. एका जागी दगडूबांचा आवाज दाटला आणि त्यांना पुढचा शब्द काढता येईना, तेव्हा क्लॅरिनेटनं ती ओळ पुरी केली. मधल्या वेळात दगडूबांनी उपरण्यानं डोळे पुसून घेतले.

पण म्हणून सगळं गोड झालं असं नाही. त्या गावानं डीजे आणला. सही करणाऱ्यांपैकी तिघांच्या जत्रा गेल्या. बळीरामची भीती खरी निघाली, आणि गंमत म्हणजे सही न करताही त्याच्या दोन जत्रा गेल्या, संघटनेचा माणूस म्हणून. तो परत कधी माडीवर आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. चहा दिला, पण बोलला पाऊसपाण्याचंच. चिटणीस म्हणून माझ्या हातून जे सुटलं त्यात बळीराम आहे.

दुसरं वर्षही तसंच गेलं. दगडूबांनी अंगणातच चौक मांडला. पुढाऱ्याला तिकीट मिळालं नाही, तो दुसऱ्या कामाला लागला. डीजेची गाडी देवळाच्या बोळात वळेना म्हणून पालखी मोठ्या रस्त्यानं न्यावी लागली, आणि बोळातल्या म्हाताऱ्या बायांच्या दारात देवी दोन वर्षं आलीच नाही. त्या बायांनी पुजाऱ्याला धारेवर धरलं. तिसऱ्या वर्षी पुजारी स्वतः ताडकळसला आला.

दगडूबा त्याला म्हणाले, "आधी जिंतूरला जा."

तो जिंतूरला गेला. युसूफभाईंच्या हातावर सुपारी ठेवली. ठरावाचं काय, असं आम्ही विचारलं तेव्हा म्हणाला, "ते वहीत हाय, राहू द्या. कोण वाचतंय." तो ठराव आजही त्या वहीत आहे, रद्द झालेला नाही. सुगंधाबाईंचं म्हणणं होतं, आधी लेखी रद्द करा, मगच जा. त्यांचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. पण युसूफभाईंना जायचं होतं. त्यांचं मन आम्हाला मोडवलं नाही.

मी उत्साहात गावाच्या अभिनंदनाचं पत्रक लिहायला घेतलं. सुगंधाबाईंनी वहीवर हात ठेवला. "ज्याचं त्याला दिलं, त्याचं अभिनंदन कशाला?" ते पत्रक निघालं नाही. मात्र त्या दिवशी त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी हळूच म्हणालो, "बाई, तुमच्या वेळचं माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय मला." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

जत्रेला आम्ही एसटीनं गेलो. सुगंधाबाईही आल्या. देवळाकडं वळल्या नाहीत, पारावरच्या हॉटेलात चहा घेऊन बसल्या. "मी देवीला न्हाई आले, युसूफभाईला आलेय," म्हणाल्या. पालखी बोळात शिरली. पुढं लाल कोट, त्यामागं संबळ. दारादारात थांबत, ओवाळून घेत ती पुढाऱ्याच्या घरापाशी आली. युसूफभाईंनी क्लॅरिनेट तोंडापासून काढलं. बँड थांबला.

दारातून पुढाऱ्याची आई बाहेर आली. कमरेत वाकलेली, हातात ताट. तिनं देवीला ओवाळलं. मग मान वर करून लाल कोटाकडं निरखून बघितलं.

"युसूफ हाईस का रं?"

"हाव, मावशी."

"दोन साल कुठं व्हतास?"

युसूफभाईंनी एकदा दगडूबांकडं पाहिलं. दगडूबा संबळाची दोरी ताणत होते, त्यांनी मान वर केली नाही. आतल्या दारात पुढारी उभा होता.

"घरीच व्हतो, मावशी," युसूफभाई म्हणाले. "कुणी बोलावलं न्हाई."

म्हातारी वळली. मागं उभ्या असलेल्या लेकाकडं तिनं बराच वेळ बघितलं. मग ताट खाली ठेवलं, उंबऱ्याला हात टेकून तिथंच बसली आणि म्हणाली, "वाजीव."